कृष्णधवल प्रिंट मॉनिटरवरच्या प्रतिमेशी जुळत नाही: नेमके काय तपासावे?

पंचगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापुरातील तालमींच्या कृष्णधवल छायाचित्रांची एक मालिका मी तयार करीत आहे आणि त्यातील निवडक छायाचित्रे दसरा चौकातील शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात मांडण्याचा विचार आहे. बहुतेक छायाचित्रे पहाटेच्या सरावाची आहेत. उंचावरच्या झरोक्यातून एकाच बाजूने उजेड येतो, हौद्यातल्या मातीवर आणि मल्लांच्या पाठीवर पडतो आणि बाकीची तालीम जवळजवळ अंधारात राहते. या अंधारातच छायाचित्राचा अर्धा जीव आहे. मागच्या भिंतीचा पोपडे सुटलेला गिलावा, तिला टेकून ठेवलेले मुद्गल आणि कोपऱ्यातली मारुतीची तसबीर या गोष्टी सावकाश, दुसऱ्यांदा पाहताना दिसाव्यात, अशी माझी इच्छा आहे.

मॉनिटरवर हे सगळे दिसते. प्रिंटमध्ये मात्र मुद्गल आणि भिंत मिळून एकच काळपट डाग होतो, आणि तो डागही खोल काळा नसून धुरकट वाटतो. ही प्रिंट पुण्यातील एका लॅबमधून, पिगमेंट शाईने, सुती मॅट कागदावर 13×19 इंच आकारात करून घेतली होती. त्याआधी गावातल्या एका डिजिटल लॅबमधून नेहमीच्या रंगीत फोटो कागदावर काढलेली प्रिंट ट्यूबलाइटखाली हिरवट आणि खिडकीपाशी किंचित गुलाबी दिसते, जरी मूळ फाइलमध्ये रंगाचा लवलेश नाही.

माझ्याकडे 24 इंची आयपीएस मॉनिटर आहे, त्याचा ब्राइटनेस 80 टक्क्यांवर आहे आणि त्याचे कॅलिब्रेशन (उपकरणाने मोजून उजेड आणि रंग जुळवणे) केलेले नाही. काम लाइटरूममध्ये करतो आणि लॅबला एसआरजीबी (पडद्यांसाठीचे नेहमीचे रंगमान) फाइल पाठवतो. दोष मॉनिटरचा, फाइलचा, कागदाचा की लॅबचा, हे कोणत्या क्रमाने तपासावे, आणि प्रिंट व मॉनिटर यांचा मेळ कितपत बसू शकतो, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उजेडमापक

प्रथम मॉनिटरचा ब्राइटनेस तपासावा, कारण तो जुळवल्याखेरीज बाकी कशाचाही निवाडा करता येत नाही. प्रिंट गडद आली अशी जी तक्रार सर्रास ऐकू येते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा अतिशय उजळ ठेवलेला मॉनिटर असतो.

हा हिशेब एकदा आकड्यांत मांडून पाहण्यासारखा आहे. चांगला पांढरा कागद त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे 90 टक्के परत पाठवतो. कागदावर किती लक्स प्रकाश पडतो ते मोजून त्याला 0.9 ने गुणले आणि 3.14 ने भागले, की त्या कागदाचा पांढरा किती उजळ आहे ते कॅन्डेला प्रति चौरस मीटर या एककात मिळते, आणि मॉनिटरचा उजेडही याच एककात मोजतात. कागदावर 500 लक्स पडत असतील तर उत्तर येते 143. आपल्याकडे रात्री एका ट्यूबलाइटच्या खोलीत पुष्कळदा 100 ते 150 लक्सच मिळतात, म्हणजे कागदाचा पांढरा जेमतेम 30 ते 40 च्या घरात राहतो. तुमच्यासारखा मॉनिटर 80 टक्क्यांवर सहज 200 च्या पुढे असतो. म्हणजे तुम्ही ज्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहता, त्यांत पाचपटीचा, कॅमेऱ्याच्या भाषेत दोन स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे उजेडाची दुप्पट) अधिक फरक आहे. भिंतीचा गिलावा त्या दोन स्टॉपमध्ये हरवला असण्याची दाट शक्यता आहे.

उजेड मोजणारे उपकरण (कॅलिब्रेटर) नसेल तर पुढीलप्रमाणे करावे. मॉनिटरचा आपोआप उजेड बदलणारा पर्याय आणि रात्रीचा पिवळसर मोड दोन्ही बंद करावेत, आणि मॉनिटर सुरू करून अर्धा तास जाऊ द्यावा. ज्या दिव्याखाली प्रिंट पाहणार त्या दिव्याखाली, मॉनिटरच्या शेजारी, त्याच जातीचा कोरा कागद ठेवावा, मात्र दिव्याचा झोत मॉनिटरच्या काचेवर येता कामा नये. मग मॉनिटरवर पूर्ण कोरे पांढरे पान उघडून दोन्ही पांढरे सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवावा. या वेळी छायाचित्र समोर ठेवू नये. केवळ पांढरा पांढऱ्याशी ताडावा. ब्राइटनेस अगदी तळाला नेऊनही मेळ बसला नाही, तर दिवा वाढवणे भाग आहे.

कॅलिब्रेटर मिळाला, अगदी मित्राकडून दोन दिवसांपुरता मिळाला, तरी तो जरूर वापरावा. प्रिंटच्या कामासाठी 80 ते 120 कॅन्डेला, गॅमा (मधल्या छटांचा उजेड ठरवणारा आकडा) 2.2 आणि पांढऱ्यासाठी डी65 (दिवसाच्या उजेडासारखा प्रमाण पांढरा) ही सुरुवात योग्य ठरते. प्रिंट पाहण्यासाठी आयएसओ 3664 या मानकात 5000 केल्विनचा प्रकाश सांगितला आहे. बारकाईने तुलना करायची असेल तर 2000 लक्स आणि नेहमीच्या पाहणीसाठी 500 लक्स. मानकात बसणारा दिवा घरी नसला तरी बिघडत नाही, परंतु दिवा आणि त्याचे कागदापासूनचे अंतर कायम राहील एवढी काळजी घ्यावी.

शाईकागद

उजेडमापक यांनी पांढऱ्याविषयी लिहिले आहे. मला काळ्याविषयी लिहायचे आहे, कारण तुम्हाला दिसलेला धुरकटपणा ब्राइटनेस उतरवून जाणार नाही.

मॅट सुती कागदावर पिगमेंट शाईचा सर्वांत गडद काळा साधारण 1.6 ते 1.7 घनतेपर्यंत (घनता म्हणजे काळेपणाचे माप) पोहोचतो. 1.6 घनता म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे अडीच टक्के प्रकाश त्या काळ्यातूनही डोळ्यापर्यंत येतो. कागद आणि मॉनिटर यांचे पांढरे नीट जुळवले असतील, तर हा काळा मॉनिटरवरच्या 255 पैकी साधारण 43 या करड्या छटेइतका असतो. हे स्वतः पाहायचे असेल तर पांढऱ्या पानावर एक चौकोन 0, 0, 0 ने आणि दुसरा 43, 43, 43 ने भरून दोन्ही शेजारी ठेवावेत. दुसरा चौकोन म्हणजे तुमच्या कागदाची अखेरची मजल आहे. मॉनिटरवर 0 ते 43 या पट्ट्यात तुम्ही गिलावा, मुद्गल आणि तसबीर मांडली असेल, तर त्या साऱ्या छटांना प्रिंटमध्ये 43 च्या वरच जागा करून द्यावी लागते आणि त्यासाठी वरच्या छटांना थोडे सरकावे लागते. हे काम प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर आणि प्रिंटरवर छटा कशा उतरतात याची माहिती देणारी फाइल, आपल्या परीने करते. पण तुमच्या छायाचित्रात कोणती गोष्ट महत्त्वाची आहे, हे त्याला ठाऊक नसते.

बरायटा (बेरियम सल्फेटचा थर असलेला, किंचित चमकदार) किंवा चकचकीत कागदावर फोटो ब्लॅक शाई वापरली तर घनता 2.3 ते 2.5 पर्यंत जाते. तिथला काळा मॉनिटरवरच्या साधारण 13 या छटेइतका असतो, आणि पांढऱ्या-काळ्याचे गुणोत्तर मॅट कागदावरच्या सुमारे 40:1 वरून 200:1 च्या पुढे जाते. मॉनिटरचे गुणोत्तर 1000:1 च्या आसपास असते, त्यामुळे पूर्ण मेळ तिथेही बसत नाही, मात्र अंतर बरेच कमी होते. तुमच्या मालिकेचा भार अंधाऱ्या भागावर आहे, हे लक्षात घेता निदान एक छायाचित्र बरायटा कागदावर काढून पाहावे, असे मी आग्रहाने सुचवतो. मॅट कागदाचा मऊपणा मला स्वतःला फार आवडतो आणि अंगाला लागलेल्या मातीचा खरखरीत पोत त्यावर सुरेख उतरतो, परंतु पहाटेचा अंधार त्यावर नेहमीच थोडा फिका राहील.

आता सॉफ्ट प्रूफिंगविषयी, म्हणजे प्रिंट कशी दिसेल याचा अंदाज मॉनिटरवरच पाहण्याविषयी. फोटोशॉपमध्ये व्ह्यू मेनूतील प्रूफ सेटअपमध्ये कस्टम निवडावे, लॅबने दिलेले त्या कागदाचे प्रोफाइल निवडावे, रेंडरिंग इंटेंट रिलेटिव्ह कलरिमेट्रिक ठेवून ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू करावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सिम्युलेट पेपर कलर या पर्यायावर खूण करावी. ती खूण करताच प्रतिमेतील प्राण गेल्यासारखा वाटतो आणि बहुतेक जण घाबरून ती लगेच काढून टाकतात. खूण करताना नजर दुसरीकडे वळवावी, मॉनिटरवरच्या इतर पांढऱ्या पट्ट्या आणि खिडक्या झाकून प्रतिमा पूर्ण पडद्यावर घ्यावी आणि डोळ्यांना स्थिरावू द्यावे. थोड्या वेळाने डोळे त्या फिकट पांढऱ्यालाच पांढरा मानू लागतात आणि मग जे दिसते ते प्रिंटच्या पुष्कळ जवळचे असते. या अवस्थेत फाइलची एक वेगळी प्रत काढावी आणि कर्व्हने (छटांचा उजेड बदलणाऱ्या वक्ररेषेने) गडद छटा एकमेकींपासून दूर कराव्यात. मूळ फाइलला हात लावू नये, कारण प्रत्येक कागदाची दुरुस्ती निराळी असते.

एक सावधगिरी बाळगावी. लॅब एप्सनच्या प्रिंटरवर ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट हा मोड वापरत असेल, तर रंगीत छपाईसाठी बनवलेले त्या कागदाचे प्रोफाइल त्या मोडमधील छटा दाखवत नाही. अशा वेळी सॉफ्ट प्रूफ एक सांगतो आणि प्रिंट दुसरीच येते. लॅब कोणत्या पद्धतीने छापते, हे आधी विचारून घ्यावे.

रसायनशाळा

हिरवट-गुलाबी प्रिंटचे कारण निराळे आहे. गावातल्या डिजिटल लॅबमध्ये बहुधा रंगीत फोटो कागदावर लेझरने प्रकाश टाकून तो आरए-4 रसायनांत धुतात. त्या कागदात निळसर, किरमिजी आणि पिवळा अशी तीनच रंजके असतात. काळे रंजक नसते. करडी छटा या तिघांच्या तोलावर उभी असते. रसायन किंचित मरगळले, यंत्राचे त्या दिवसाचे कॅलिब्रेशन राहिले किंवा प्रिंट वेगळ्या दिव्याखाली नेली, की तो तोल ढळतो आणि तटस्थ करड्यावर आपला डोळा तो ताबडतोब पकडतो. रंगीत छायाचित्रात एवढा फरक कोणाच्या लक्षातही आला नसता.

कृष्णधवल प्रिंट करड्या शायांच्या प्रिंटरवर करण्यामागचे कारण हेच आहे. एप्सनने 2005 मध्ये के3 शाया आणल्या, त्यांत काळ्याबरोबर दोन फिकट करड्या शाया आहेत. तटस्थ छटेचा बहुतेक भार या तिघी उचलतात आणि रंगीत शाई केवळ चिमूटभर लागते. दिवा बदलल्यावर होणारा फरक त्यामुळे फार कमी होतो, आणि तुमच्या पुण्याच्या प्रिंटमध्ये रंगाची तक्रार नाही याचेही हेच कारण असावे. रंगीत कागदावरच काढायचे असेल, तर तटस्थ राखाडीचा आग्रह सोडून फाइललाच अगदी हलकी उबदार छटा द्यावी. मग थोडासा ढळलेला तोल खटकत नाही.

लॅबशी बोलताना दोन गोष्टी ठामपणे सांगाव्यात. फाइलवर कोणतीही स्वयंचलित दुरुस्ती करू नये, ही पहिली गोष्ट. कारण पुष्कळ यंत्रे गडद फोटो आपणहून उजळ करतात आणि कॉन्ट्रास्ट वाढवतात. दुसरी गोष्ट फाइलची: ती ग्रेस्केल न पाठवता आरजीबीमध्ये, एसआरजीबी प्रोफाइल जोडून पाठवावी. फोटोशॉपची ग्रेस्केल मोडची मूळ मांडणी 20 टक्के डॉट गेनची (छापताना शाईचा ठिपका पसरतो, ते धरून केलेली) असते. अशी फाइल प्रोफाइलकडे न पाहणाऱ्या यंत्राने उघडली, की छटा बदलतात. तुम्ही एसआरजीबीच पाठवता, त्यामुळे हा धोका तुम्हाला नाही.

लाल दिवा

वरील तिन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, पण शाईकागद यांच्या एका मुद्द्याशी माझा मतभेद आहे. सॉफ्ट प्रूफ पाहून सबंध छायाचित्राच्या कर्व्हने गडद भाग वर उचलला, तर भिंत दिसू लागेल हे खरे, परंतु त्याबरोबर मल्लाच्या पाठीची सावलीकडची बाजूही उजळेल आणि शरीराचे वजन जाईल. तालमीच्या छायाचित्रात ते वजन गमावणे मला परवडणारे वाटत नाही. उजेड जिथे हवा तिथेच, हाताने द्यावा. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली आम्ही तळहात आडवा धरून तेवढा भाग डॉज करीत असू, म्हणजे त्यावर कमी प्रकाश पाडून तो उजळ ठेवत असू. लाइटरूममधला ब्रश तेच काम करतो.

शिवाय मॉनिटरवर कितीही जुळवाजुळव केली, तरी अखेरचा निर्णय कागदावरच्या पट्टीनेच घ्यावा, असे मला अनुभवावरून वाटते. त्यासाठी सर्वप्रथम 21 पायऱ्यांची करडी पट्टी, म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच-पाच टक्क्यांनी गडद होत जाणारी, त्याच कागदावर, त्याच लॅबकडून छापून घ्यावी. मॅट कागदावर 90, 95 आणि 100 टक्क्यांच्या पायऱ्या अनेकदा एकमेकींत मिसळलेल्या आढळतात. कोणती पायरी शेवटची वेगळी दिसते ते पेन्सिलीने कागदावरच नोंदवावे. तुमच्या भिंतीची छटा त्या पायरीच्या पलीकडे असेल, तर ती कधीच दिसणार नाही. अलीकडे असेल तर दिसेल. ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 1940 च्या सुमारास बसवलेल्या, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे क्रमाने झोन पाडणाऱ्या झोन पद्धतीत पोत स्पष्ट दिसणारी गडद छटा तिसऱ्या झोनमध्ये आणि पोताची केवळ चाहूल देणारी छटा दुसऱ्या झोनमध्ये ठेवतात. तुमचे वर्णन वाचून असे वाटते, की गिलावा आणि मुद्गल तिसऱ्यात असावेत आणि तसबीर दुसऱ्यात.

त्यानंतर छायाचित्रातील नेमका तो कोपरा, म्हणजे मुद्गल, भिंत आणि मल्लाचा खांदा एकत्र येतील असा तुकडा कापून, त्याच्या वेगवेगळ्या उजेडाच्या चार-पाच आवृत्त्या एकाच ए4 कागदावर मांडाव्यात आणि प्रत्येकीखाली केलेली दुरुस्ती छापावी. मोठ्या प्रिंटचा खर्च वाचतो आणि डोळ्यांना प्रत्यक्ष कागद पाहायला मिळतो. पट्टी हाती आल्या आल्या निर्णय घेऊ नये. पिगमेंट शाई रात्रभर पुरती वाळू द्यावी, कारण ओल्या आणि वाळलेल्या प्रिंटमध्ये गडद छटा थोड्या बदलतात.

शाईकागद

लाल दिवा यांचा मुद्दा मला मान्य आहे. प्रूफ पाहताना दुरुस्ती जागेवर करावी, असे मी स्पष्ट लिहायला हवे होते. सॉफ्ट प्रूफ सोडून द्यावा असे मात्र मला वाटत नाही. कोल्हापुरात बसून पुण्याच्या लॅबकडून पट्ट्या मागवायच्या असतील, तर प्रत्येक फेरीत कित्येक दिवस जातात, आणि पहिलीच पट्टी लक्ष्याच्या जवळ पडावी यासाठी प्रूफ उपयोगी पडतो.

पंचगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सुचवल्याप्रमाणे कोरा कागद शेजारी ठेवून ब्राइटनेस उतरवत गेलो, तेव्हा तो 80 वरून थेट 25 टक्क्यांच्या आसपास आला. त्या उजेडात तीच जुनी फाइल पाहिली, तर मुद्गल मॉनिटरवरही जवळजवळ दिसेनासे झाले होते, म्हणजे पुण्याच्या लॅबने फाइलमध्ये होते तेच छापले होते. त्यानंतर ब्रशने भिंत आणि मुद्गल उचलले, पाठीला हात लावला नाही आणि 21 पायऱ्यांची करडी पट्टी व त्या कोपऱ्याच्या पट्ट्या मॅट व बरायटा अशा दोन्ही कागदांवर मागवल्या.

पट्ट्या आल्या आहेत. मॅटवर 95 आणि 100 टक्क्यांच्या पायऱ्या एकच दिसतात, बरायटावर त्या वेगळ्या ओळखू येतात. बरायटाच्या तिसऱ्या पट्टीत मुद्गलांच्या मुठी एकेक मोजता येतात, गिलाव्याचे पोपडे दिसतात आणि तरीही भिंत अंधारातच राहते. मला हवे होते ते हेच. अंधाऱ्या चौकटी बरायटावर आणि हौद्यातल्या मातीची उजळ छायाचित्रे मॅटवर काढावीत का, की एका प्रदर्शनात दोन प्रकारचे कागद खटकतील, हे अजून ठरत नाही. दुसरी शंका अशी, की पट्ट्या मी टेबलावरच्या दिव्याखाली पाहिल्या. दालनात उबदार स्पॉटलाइट असतील आणि चौकटींना काच असेल. त्यासाठी प्रिंट आणखी उजळ करावी काय?

उजेडमापक

दालनात एकदा प्रत्यक्ष जाऊन, छायाचित्रे लागतील त्या भिंतीवर लक्स मोजून यावे. मोबाइलमधील लक्समापक ॲप अचूक नसले, तरी टेबलावरचा आणि भिंतीवरचा आकडा एकाच मोबाइलने मोजला तर दोहोंतील प्रमाण पुरेसे कळते. भिंतीवर 200 लक्स असतील, तर कागदाचा पांढरा 57 कॅन्डेलाच्या आसपास राहील. टेबलावर 400 लक्स असतील तर दालनात सगळे एक स्टॉप गडद दिसेल. डोळा त्यातील बराचसा फरक सांभाळून घेतो, परंतु सर्वांत गडद छटा आधी हातातून जातात. म्हणून सबंध प्रिंट उजळ न करता, तिसऱ्याऐवजी तिच्यापेक्षा एक पायरी उजळ असलेली पट्टी निवडावी. शक्य असल्यास पट्ट्या घेऊनच दालनात जावे आणि तिथल्या दिव्याखाली निवड करावी.

स्पॉटलाइटच्या उबदारपणाची चिंता करू नये. सगळे दालन त्याच प्रकाशात असल्याने डोळा त्याला सरावतो. काचेचा विचार मात्र आवश्यक आहे. साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे 8 टक्के प्रकाश परावर्तित होतो, आणि मॅट कागदाच्या काळ्यातून येणारा प्रकाश अडीच टक्केच असतो, त्यामुळे समोर उजळ भिंत किंवा खिडकी असेल तर तिचे प्रतिबिंब तुमच्या गडद छटांवर सरळ पांघरले जाते. परावर्तनविरोधी काच महाग पडते. ती अंधाऱ्या चौकटींपुरती घ्यावी, किंवा त्या चौकटी खिडकीच्या समोर न लावता खिडकी असलेल्याच भिंतीवर लावाव्यात.

लाल दिवा

कागदांविषयी: एकाच भिंतीवर मॅट आणि बरायटा आळीपाळीने लावले तर काळ्याच्या दोन जाती शेजारी येतात आणि मॅट विनाकारण फिका भासतो. अंधाऱ्या चौकटी एका भिंतीवर आणि मातीच्या दुसऱ्या भिंतीवर लावल्या तर ही अडचण राहणार नाही. दोन्ही कागदांच्या पांढऱ्यात पिवळसर-निळसर फरक आहे का, हे कोरे तुकडे खिडकीपाशी धरून आधी पाहून घ्यावे. एकात ऑप्टिकल ब्राइटनर (कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून घातलेले द्रव्य) असेल तर तो निळसर उठून दिसतो, आणि तसे असेल तर दोन्ही कागद ब्राइटनर नसलेलेच निवडावेत.